विमल, यादीतलं तुझं नाव

विमल, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. युनियनच्या हॉलमध्ये तुझा फोटो लावला होता. मागच्या अधिवेशनातला तोच, ज्यात तू माइक असा घट्ट धरला आहेस की जणू कोणी तो हिसकावून घ्यायला आलं आहे. एकेक जण उठून तू किती प्रेमळ होतीस ते सांगत होता. मला ते ऐकवेना. तू प्रेमळ नव्हतीस. हट्टी होतीस, टोचून बोलायचीस. एखाद्याला मनातून काढलंस की त्याच्यासमोरून अशी निघून जायचीस, जसं काही तिथे कोणी बसलेलंच नाही. मला तू तीन वर्षं तसं वागवलंस.

आता युनियनच्या अंकासाठी लिहून द्या म्हणतात. "तुम्ही दोघी नऊ वर्षं शेजारी बसल्या, कुंदाताई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. लिहिते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मला फक्त तुझ्याशी बोलायचं आहे, आणि या वेळी तुला उठून जाता येणार नाही.

मी आस्थापना शाखेत नवीन लागले, तेव्हा हेडक्लार्क मला सेवापुस्तिकांना हात लावू देत नव्हते. टपालाची पाकिटं चिकटवायचं काम दिलं होतं. म्हणायचे, हिचं अक्षर पाहू आधी. अक्षर कोणीच पाहिलं नव्हतं. इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून आलेली मुलगी म्हटल्यावर त्यांना न पाहताच अक्षर दिसत होतं. दुसऱ्या आठवड्यात तू वीस सेवापुस्तिकांचा गठ्ठा उचललास आणि माझ्या टेबलावर आपटलास. "ही पोरगी लिहीन," तू त्यांना म्हणालीस. "तुमचं अक्षर तर कोर्टातही कोणाले वाचता येत नाही." शाखा हसली. हेडक्लार्क हसले नाहीत, पण गठ्ठा माझ्या टेबलावर राहिला.

त्याच दुपारी तू मला सेवापुस्तिका वाचायला शिकवलंस. पहिल्या पानावर दोन तारखा असतात, एक नोकरीला लागल्याची, दुसरी कायम झाल्याची. बहुतेकांच्या दोन्ही सारख्याच असतात. ज्यांनी आधी तात्पुरती नोकरी केली त्यांच्या वेगळ्या असतात. "या दोन तारखा एक समजू नको," तू म्हणालीस. "बाईमाणसाची तात्पुरती नोकरी सगळ्यात आधी विसरतात हे लोक." तू स्वतः तेव्हाही तात्पुरतीच होतीस, कायम व्हायला तुला एकूण अडीच वर्षं लागली. हे सगळं मी तुझ्याकडून शिकले, आणि याचंच मला सांगायचं आहे. पण अजून ते नाही. क्रमानं सांगते.

नोटीस लागली ती उन्हाळ्यात. सीताबर्डीवरच्या एका इमारतीत दहा आठवड्यांचा कॉम्प्युटर प्रोग्रामिंगचा कोर्स, ऑफिसातून आठ जणांची नावं हवीत. युनियननं बहिष्कार जाहीर केला. मी नाव दिलं. तुला न सांगता दिलं, ही माझी चूक मी मान्य करते. तू जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता विचारलंस, "काहून दिलं वं नाव?"

"शिकायचं आहे मले."

"हे शिकून तू आपल्याच शाखेच्या पोटावर पाय देऊन राहिली. रजिस्टरं मशीनमधी गेली की आपण कुठं जाणार?"

मग तू तुमच्या खाप्याचं, विणकरांच्या त्या गावाचं काढलंस. तुझ्या वडिलांचा हातमाग, तो कसा बंद पडला, कसे ते शेवटी दुसऱ्याच्या कारखान्यात दारावर बसायला लागले. "तेव्हाही असेच पॅन्टवाले आले होते," तू म्हणालीस. "म्हणे, कोणाचं काम जाणार नाही."

मला ते शंभर वेळा ऐकून पाठ झालं होतं. मी म्हणाले, "तुह्या बापाचं काम गेलं म्हणून तू अजून रडतं. माह्या बापाचं गावातलं जातीचं काम सुटलं, त्याचा आमच्या घरी सण होतो. नवीन काम आलं की आधी बाकीचे बसून घेतात, आमच्या वाट्याले उरलंसुरलं येते. या वेळी मी आधी बसणार."

तू डबा बंद केलास. अर्धी पोळी आत तशीच होती. नऊ वर्षांतलं आपलं हे एकच खरं भांडण, आणि ते तिथेच थांबलं. यात तू चूक होतीस असं मला आजही वाटतं. मी चूक होते असंही वाटतं. पण तू ते पुढे बोलायलाच तयार नव्हतीस.

कोर्सच्या पहिल्या दिवशी तू गेटवर उभी होतीस. काळी फीत लावलेल्या दहा-बारा बाया, आणि मध्ये तू. बाकीच्या सात जणांना तुम्ही घोषणा दिल्या. मी आले तेव्हा तू घोषणा थांबवलीस आणि हळू आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणालीस, "परत फिर, कुंदा. अजून फिर." मी फिरले नाही. पाठीमागून तू मोठ्यानं म्हणालीस, "गद्दार." बाकीच्यांना शत्रू म्हटलं होतंस. गद्दार फक्त मला.

आत काय होतं ते तुला कधी सांगता आलं नाही. चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मे महिन्यात शाल घेऊन बसावं लागायचं, इतकी ती खोली गार. सोळा जणांत दोन मशीन. उरलेल्यांनी चौकटी आखलेल्या लांब कागदांवर पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. एक पूर्णविराम राहिला तर मशीन पानभर चुका छापून द्यायचं. पुण्याहून आलेले सर शिकवायचे. शिकवायचे उत्तम. तिसऱ्या दिवशी माझा कागद बघून म्हणाले, "छान आहे. कोट्यातून आलात का?" चांगल्या मनानंच विचारलं असावं. शेजारचे दोघं खाली मान घालून हसले.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा तू गेटवरच होतीस. तोंड उन्हानं लाल झालेलं. मी नुसतं एक वाक्य सांगितलं असतं, तर तू काळ्या फितीसकट आत शिरली असतीस आणि त्या सरांना टेबलामागून बाहेर काढलं असतंस. मला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस. मी तुझ्या बाजूनं मान वळवून निघून गेले, आणि घरी जाऊन मुलावर विनाकारण ओरडले.

सहाव्या आठवड्यात माझा प्रोग्राम पहिल्यांदा बिनचूक चालला. चाळीस नावं मशीननं क्रमानं लावून छापली. तो कागद हातात घेऊन मी जिन्यात उभी राहिले. हे सांगायचं ते तुलाच, दुसरं कोणी डोळ्यांसमोर येईना. याचा मला इतका राग आला की कागदाची घडी करून पिशवीत तळाशी कोंबली.

कोर्स संपला. मी पहिली आले. ऑफिसनं वेगळी खोली दिली, कर्मचाऱ्यांची यादी मशीनवर घ्यायचं काम दिलं. तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. शाखेतल्या बायांनीही डबे तुझ्या टेबलाकडे हलवले. प्रमिला तेवढी, ती आपल्यानंतर लागलेली, बारकी, येता-जाता माझ्याकडे बघून हसायची. ते हसणंही तुझ्या पाठीमागे.

शहरात तेव्हा प्रोग्राम लिहिणारे आमच्यासारखे तीसेक जण होते. कोणी ऑफिसातले, कोणी खाणीतले, कोणी कॉलेजचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात जमायचो. तिथले काळे सर ती बैठक चालवायचे. कॉलेजचा एकुलता एक कॉम्प्युटर मध्ये ठेवायचा, एकानं आपला प्रोग्राम दाखवायचा, बाकीच्यांनी त्यात खोट काढायची. भीडभाड नाही. "हे इथं फसेल," म्हणून कोणीही उठायचं. मला ते फार आवडायचं. तिथे माझं आडनाव कोणी विचारत नव्हतं, माझी चूक विचारायचे.

माझा रविवार आला. साहेबांची परवानगी घेऊन शाखेची यादी फ्लॉपीवर नेली होती. मी बोलायला उभी राहिले आणि मागच्या बाकावर तू दिसलीस. प्रवेश सर्वांना खुला होता, पण तू येशील असं माझ्या मनातही नव्हतं. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पिशवी, वर्गातल्या विद्यार्थिनीसारखी सरळ बसलेली.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर तू उठलीस. "या प्रोग्रामनं किती माणसं घरी बसतीन?"

काळे सर माझ्याकडे बघायला लागले.

"एकही नाही," मी म्हणाले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

तू बसली नाहीस. टाळ्या थांबल्यावर म्हणालीस, "माझं नाव हाये का त्यात? दाखव."

मी तुझं नाव टाइप केलं. पडद्यावर तुझी ओळ आली, नाव, हुद्दा, नेमणुकीची तारीख. तू पुढे आलीस, मशीनच्या अगदी जवळ, चष्मा वर करून वाचलंस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, पडद्याकडे नाही. तुझा चेहरा क्षणभर असा झाला जसा वरिष्ठाची चूक सापडल्यावर व्हायचा. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "छान हाये." पिशवी उचलून निघून गेलीस.

मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी तुझी ओळ पुन्हा काढली. तुझी कायम झाल्याची तारीख होती ती. पहिल्या पानावरची दुसरी. बहुतेकांच्या दोन्ही सारख्या म्हणून मी सगळ्यांची एकच घेतली होती. तुझी अडीच वर्षं गेली होती, आणि तुझ्यामागून थेट कायम लागलेल्या आम्ही यादीत तुझ्या वर चढलो होतो. तात्पुरत्या नोकरीवाले आणखी तिघं होते, पण ते यादीत इतके वर होते की त्यांना काही फरक पडत नव्हता. तुला पडत होता. दोनच आठवड्यांत आदेश आला, रजिस्टरं मशीनवर गेली, दहा माणसं जास्तीची ठरतात, सगळ्यात नवीन दहांची जिल्ह्यांत बदली करा. यादी माझ्या प्रोग्रामनं छापली. दहावं नाव तुझं होतं. ठिकाण अहेरी, पार टोकाचं जंगल.

त्या आधीच्या दोन आठवड्यांत मी ते दुरुस्त करू शकले असते. एका दुपारचं काम होतं. केलं नाही. हे पहिल्यांदा लिहिते आहे. मी ठरवलं होतं की तू माझ्या टेबलाशी यावंस. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. जगभराच्या हरकती तूच लिहून द्यायचीस, स्वतःची लिहिशीलच. तू येशील, कागद पुढे करशील, "कुंदा, हे चुकलं," म्हणशील, आणि मी तुझ्यासमोर ते नीट करीन. एवढंच हवं होतं मला. तीन वर्षांत एकदा तू माझ्याकडे काहीतरी मागावंस.

तू आली नाहीस. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मी दाराकडे बघत बसले. तू त्या वेळी शाखेत बसून दुसऱ्या कोणाचा तरी रजेचा अर्ज लिहून देत होतीस. सोमवारी तू अहेरीला गेलीस.

मागच्या वर्षी गणेशपेठच्या एसटी स्टँडवर तू भेटलीस. मी बहिणीकडे मौद्याला निघाले होते, तू परतीच्या गाडीची वाट बघत होतीस. वाळली होतीस. बाकावर जागा होती म्हणून बसले, नाहीतर बसले नसते.

मीच विचारलं. "हरकत काहून नाही घेतली?"

"तुले दिसली होती का चूक?" तू विचारलंस.

"नाही," मी म्हणाले.

तू माझ्याकडे बघितलंस. "मंग झालं," म्हणालीस. तुझी गाडी लागली. तू चढलीस, खिडकीत बसलीस आणि दुसऱ्या बाजूला बघत राहिलीस. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'नाही' आहे, आणि तो खोटा आहे.

आता ऐक, मला तुझा राग कशाचा आहे. शोकसभेत प्रमिला हुंदके देऊन रडत होती. शेजारी तिची मुलगी उभी, आता शाळेत जायला लागलेली. त्या मुलीला बघून मी मनात वर्षं मोजली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तुझी खरी तारीख टाकली आणि ती जुनी यादी पुन्हा छापली. दहा नावं लागतच होती. तू यादीतून निघालीस की दहावी प्रमिला येत होती. तेव्हा आठ महिन्यांची असलेली ही मुलगी घेऊन अहेरीला.

तुला हे माहीत होतं का? सगळ्या शाखेची सेवाज्येष्ठता तुला तोंडपाठ होती. माहीत नसणं अवघड आहे. पण मग ते सांगायला काय झालं होतं? स्टँडवरच्या त्या बाकावर एक वाक्य पुरलं असतं. की तिच्यासाठी नव्हतंच ते, मला शिक्षा म्हणून तू गेलीस, माझी चूक माझ्याच गळ्यात आयुष्यभर राहावी म्हणून? मला दोन्ही खरं वाटतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. तिथला ताप तुझ्या मेंदूत गेला असं कळलं. मलेरिया नागपुरातही होतो, असं मी स्वतःला सांगते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "होतो ना. इथं डॉक्टरही असतो." तुझं बोलणं मला इतकं पाठ आहे की तू गेल्यावरही मला टोचायला तुझी गरज पडत नाही.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बैठकीला गेले. माझा दिवस नव्हता, तरी काळे सरांकडे पाच मिनिटं मागितली. फळ्यावर दोन तारखा लिहिल्या आणि सांगितलं की मी यातली चुकीची घेतली. त्यामुळे एक बाई बदलून गेली आणि तिथे वारली. चूक दुसऱ्या दिवशी मला दिसली होती आणि मी दुरुस्त केली नाही.

एका मुलानं हात वर केला. "मॅडम, ही प्रोग्रामची चूक नाही. माहिती भरण्यातली आहे."

"माझी आहे," मी म्हणाले.

"हे इथे सांगायची काही गरज नव्हती," मागून कोणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच माना हलल्या. काळे सरांनी विचारलं, "दुरुस्त केलं का?" केलं म्हटल्यावर ते म्हणाले, "बसा." मग पुढचा प्रोग्राम सुरू झाला. जिथे माझी चूक विचारतात म्हणून मला बरं वाटायचं, तिथे त्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

मशीनवर बदललं तरी मंजुरी हवी, म्हणून साहेबांना लेखी दिलं. ते म्हणाले, "अरे मॅडम, आता बाईच राहिल्या नाहीत, तारीख बदलून काय करता?" मी म्हणाले, बदलायची आहे. त्यांनी सही केली. तुझी अडीच वर्षं परत कागदावर आली आहेत. तुझ्या उपयोगाची नाहीत, मला ठाऊक आहे.

मग प्रमिलाला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, माझ्या खोलीत, दार लावून. सगळं, दहाव्या नावासकट. तिनं डबा बाजूला सरकवला.

"विमलताईले माहीत होतं?"

"मले नाही माहीत."

"पण तुम्हाले माहीत होतं."

"हो."

ती उठून गेली. चार दिवस माझ्या खोलीकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी नवीन कोर्सची नोटीस लागली. या वेळी ऑफिसातच, दोन तुकड्या, एकीला मी शिकवायचं आहे. युनियननं यंदा बहिष्कार घातलेला नाही. तू गेल्यावर घालणार कोण. दुपारी प्रमिला आली आणि दारातच उभी राहिली.

"फॉर्म द्या," ती म्हणाली. "मले शिकायचं हाये."

मी फॉर्म दिला. तिनं तिथेच उभ्यानं भरला. अक्षर सुरेख आहे तिचं, तूच वळण दिलं असणार.

"तुम्ही शिकवान त्या वर्गात नाही बसणार मी," कागद माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली.

मी तिच्या अर्जावर शिफारस लिहिली, सही केली आणि तिचं नाव दुसऱ्या तुकडीत घातलं.